विरुद्ध बाजूची जोडी

शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू येते, हा माझ्या निवृत्तीतला सगळ्यात मोठा जाच आहे. शनिवारी शेवटच्या तासाची घंटा झाली की मी हातातलं काम टाकून उभी राहते. मेथी निवडत असले तर मेथी मांडीवरून खाली सांडते. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "बस की खाली. तुझी शाळा सुटली." शाळा सुटली हे मला कळतं. पायांना कळत नाही. मग मी उगाच अंगणात दोन चकरा मारते, नळ बंद आहे का ते बघते, आणि तो तास संपल्याची घंटा झाली की परत मेथी घेऊन बसते.

शनिवारचा शेवटचा तास उपक्रमांचा असायचा. बाहेरच्या माणसाला हे प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. आमचं गाव खेडं म्हणवत नाही, कारण बसस्टँड आहे, दोन मेडिकल आहेत. शहरही म्हणवत नाही, कारण बाकी काही नाही. अशा गावातल्या हायस्कूलच्या व्हरांड्यात एक फळा असतो. त्यावर तैलरंगात मंडळांची नावं लिहिलेली असतात: विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना, सहल, वादविवाद. प्रत्येकापुढे प्रमुख शिक्षकाचं नाव. आमच्या फळ्यावर बहुतेक ठिकाणी माझंच नाव होतं. मी मराठीची शिक्षिका, त्यात वाटणीच्या बैठकीत 'नाही' म्हणायला दुसऱ्यांपेक्षा जरा उशीर लावणारी. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

शाळा सुरू झाली की मंडळांचं उद्‌घाटन व्हायचं. नारळ फुटायचा, पाहुणे बोलायचे, फोटो निघायचा. अलीकडे फोटो हेच मुख्य झालं होतं. वरून मोबाईलवर आदेश यायचा, संध्याकाळपर्यंत फोटो टाका. आम्ही टाकायचो आणि खाली एक ठरलेली ओळ लिहायचो: 'उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला.' हरित सेनेनं लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी शेळीनं खाल्लं तरी उपक्रम यशस्वी. विज्ञान मंडळाचा ज्वालामुखी पेटलाच नाही, नुसता फसफसून टेबलावर ओघळला, तरी यशस्वी. इतकी वर्षं ती ओळ लिहून माझ्या बोटांना तिचं वळण पडलं होतं.

वादविवाद मंडळ मात्र मी खरं चालवलं. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात वाद घातल्याशिवाय भाकरी उतरत नाही. आई-वडील वाद घालायचे, आत्या-काका घालायचे, पण ताटावरून कुणी उठून जायचं नाही, हा दंडक. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. शाळेत आल्यावर कळलं, नसतं.

आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत प्रत्येक शाळेची दोन मुलांची जोडी असते. एकच विषय. एकानं अनुकूल बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं प्रतिकूल. म्हणजे दोघं एकाच शाळेचे आणि एकमेकांच्या विरोधात. गंमत पुढंच आहे. फिरती ढाल मिळते ती दोघांच्या गुणांची बेरीज करून. जोडीदाराचा धुव्वा उडवला आणि तो आडवा झाला, तर ढाल गेली. तुमच्या विरोधात बोलणारा जितका चांगला, तितकं तुमचं भलं.

यावरून मी माझी एक रीत बसवली होती. ज्याचं जे खरं मत असेल, त्यानं त्याच्या उलट बाजूनं बोलायचं. आणि त्याचं भाषण त्यानं स्वतः लिहायचं नाही, जोडीदारानं लिहून द्यायचं. मी एक अक्षर लिहून देणार नाही. या रीतीपायी मी काय काय ऐकून घेतलंय. एकदा आठवीतल्या पोराच्या वाट्याला 'शाळेत मोबाईल आणू द्यावा' ही बाजू आली. त्याचे वडील तणतणत वर्गाच्या दारात आले. "मॅडम, पोरगं घरी आरशासमोर उभं राहून मोबाईल मागायलंय. हे शिकवायला धाडलंय का आमी?" मी म्हटलं, "मागू द्या. तुम्ही प्रतिकूल बाजू मांडा." ते म्हणाले, "आमची प्रतिकूल बाजू पायातली हाय." पुढच्या महिन्यात पोराच्या हातात मोबाईल दिसला. त्याच्या मुद्द्यांना घरात उत्तर सापडलं नव्हतं म्हणे.

वैष्णवी आणि प्रतीक्षा ही माझी शेवटची जोडी. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष, त्या दोघी दहावीत. पाचवीपासून एका बाकावर. वैष्णवी गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांना सगळे बापू म्हणतात, गावच्या राजकारणात त्यांचा शब्द चालतो. प्रतीक्षाला वडील नाहीत, आई अंगणवाडीत मदतनीस. वैष्णवी धबाधबा बोलायची, उचलली जीभ लावली टाळ्याला. प्रतीक्षा मोजकं बोलायची, पण बोलली की समोरच्याला जागा सोडायची नाही. अशी जोडी शिक्षकाच्या आयुष्यात एखाद्या वेळीच येते. ढाल या वर्षी आपल्या कपाटात येणार, हे मी श्रावणातच ठरवून टाकलं होतं. कपाटातली जागासुद्धा पुसून ठेवली होती.

विषय आला होता, 'गाव सोडल्याशिवाय प्रगती नाही.' वैष्णवीला गाव सोडायचंच नव्हतं, ती इथंच राहून गुराढोरांची डॉक्टर होणार होती. म्हणून तिला मी गाव सोडण्याच्या बाजूनं उभं केलं. प्रतीक्षाला आधी अंबाजोगाई, मग पुणे, मग नेतील तिकडं जायचं होतं. तिनं गावाच्या बाजूनं बोलायचं. दोघींनी पिंपळाच्या पारावर बसून एकमेकींची भाषणं लिहिली. लिहिताना इतक्या हसत होत्या की मुख्याध्यापकांनी खिडकीतून विचारलं, "मॅडम, वादविवाद चाललाय का हळदीकुंकू?"

वैष्णवीनं प्रतीक्षासाठी लिहिलेल्या भाषणात एक वाक्य होतं. 'गाव म्हणजे रस्ता नव्हे, पाण्याची टाकी नव्हे. आपली आई दवाखान्यात असताना ज्या घरातून न मागता डबा येतो, त्या घराला गाव म्हणतात.' हे वाक्य कुठून आलं ते मला ठाऊक होतं. आदल्या उन्हाळ्यात वैष्णवीच्या आईचं अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, तेव्हा बापूंच्या घरी रोज डबा गेला होता तो प्रतीक्षाच्या आईनं केलेला.

दसऱ्यानंतर सगळं बिनसलं. आरक्षणावरून जिल्ह्यात दोन समाज एकमेकांकडे पाठ करून बसले. त्यांची नावं मी लिहीत नाही. जिल्ह्याबाहेरच्यांना ती पेपरातून ठाऊक आहेत आणि जिल्ह्यातल्यांचे कान ती ऐकून किटले आहेत. वैष्णवी एका समाजातली आणि प्रतीक्षा दुसऱ्यातली, हे पाच वर्षांत मला कधी मोजावं लागलं नव्हतं. आता रोज मोजावं लागत होतं. एका समाजाची माणसं दुसऱ्याच्या दुकानात जाईनात. मधल्या सुट्टीत मुलांचे डबे दोन घोळक्यांत उघडायला लागले. कोण कुठल्या नळावर पाणी पितं इकडे माझं लक्ष जायला लागलं आणि मला माझीच चीड यायला लागली. मी तिसऱ्याच घरातली, म्हणून स्टाफरूममध्ये दोन्हीकडचे माझ्याकडे येऊन खालच्या आवाजात म्हणायचे, "तुमीच सांगा मॅडम, कुणाचं खरं?" मी चष्मा पुसत बसायचे. त्या दिवसांत माझं वर्गात लक्ष लागायचं नाही, घरी लागायचं नाही. खडू हातात घेतला की मोडायचा.

एका सोमवारी वैष्णवी पहिल्या बाकावर होती आणि प्रतीक्षा शेवटच्या. शनिवारी सरावाला एक आली की दुसरी निघून जायची. मी प्रतीक्षाला गाठलं.

"मॅडम, मला तिनं लिव्हलेलं न्हाई बोलायचं. तुमी दुसरं लिहून द्या."

"मी लिहून देत नाही. तुला ठाऊक आहे."

"मंग मी जात न्हाई."

"कावून?" मीही तिच्याच बोलीत कारण विचारलं. "तिनं वाईट लिहिलंय का?"

ती म्हणाली, "चांगलंच लिव्हलंय. त्याचाच तर तरास हाय."

शेवटी ती ते भाषण पाठ करायला लागली, पण डब्याचं वाक्य वगळून. टाकीपाशी आली की एक घोट गिळायची आणि पुढच्या परिच्छेदावर उडी मारायची. मी म्हटलं, राहू दे. एका वाक्यानं ढाल जात नाही.

आता प्रश्न होता घरच्या परवानगीचा. बापूंच्या ओसरीवर गेले तेव्हा तिथं चार-पाच माणसं बसलेली. बापू अदबीनं उठले, मला खुर्ची दिली.

"मॅडम, तुमचा मान हाय. पण त्या पोरीसंगं आमची पोरगी जायची न्हाई."

"संगं कुठं बापू? विरोधात चाललीय."

"म्हंजी?"

"ती एका बाजूनं बोलणार, वैष्णवी दुसऱ्या बाजूनं. भर सभेत तिचं म्हणणं मुद्देसूद खोडून काढायचं."

बापूंनी ओसरीवरच्या माणसांकडे पाहिलं. एकानं मान डोलावत म्हटलं, "असं व्हय? मग जाऊ द्या की. अन् असं बोल म्हणावं की समोरची परत उठली न्हाई पाहिजे!"

प्रतीक्षाच्या आईकडेही हेच सांगितलं. ती अंगणवाडीच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुमी हायेत म्हणून धाडते, मॅडम. पर माझ्या लेकीला तिथं खाली मान घालायची पाळी येऊ देऊ नका." गुणांची बेरीज होते, हे मी दोन्ही घरी सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तर नक्की सांगितलं असतं.

अंबाजोगाईला पोचलो तेव्हा सभागृह भरलेलं होतं. आयोजकांनी नियम वाचून दाखवले. त्यातला एक नेहमीचाच: स्पर्धकाला खालून कुणी शब्द सांगितल्यास तो संघ बाद. वैष्णवी आधी बोलली. गावातल्या पोरांच्या हातात डिग्री आहे आणि दिवसभर पानटपरीवर उभं राहायचं काम आहे, असं काय काय प्रतीक्षानं लिहिलेलं ती अशी कडाडली की परीक्षक पुढं झुकले. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. स्पर्धा चालू असताना मला खाली बसवत नाही. मनातल्या मनात मी ढालीवर शाळेचं नाव कोरूनसुद्धा घेतलं.

मधे बऱ्याच शाळा झाल्या आणि मग प्रतीक्षा उठली. वैष्णवी स्पर्धकांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेत, आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या, मान दाराकडे वळवून बसलेली. प्रतीक्षाचं सुरुवातीचं भाषण संथ, स्वच्छ होतं. रस्ता आला, टाकी आली. मला वाटलं, आता घोट गिळेल आणि पुढं जाईल.

ती पुढं गेली नाही. तिनं समोर बघत म्हटलं, "आपली आई दवाखान्यात असताना..."

आणि थांबली. सरावात एकदाही न म्हटलेलं ते वाक्य तिनं स्वतःहून काढलं होतं आणि आता ते तिच्या घशात अडकलं होतं. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सभागृहात कुणीतरी खाकरलं. घंटेवर बसलेल्या सरांनी घड्याळ उचललं. मी भिंत सोडून दोन पावलं पुढं आले, जणू मला काही करता येणार होतं.

वैष्णवी ताडकन उभी राहिली. खालून पुटपुटली असती तर कदाचित खपलंही असतं. ती मोठ्यानं, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलली, "ज्या घरातून न मागता डबा येतो, त्या घराला गाव म्हणतात!"

एक-दोन टाळ्या पडल्या आणि चुकल्यासारख्या थांबल्या. घंटा वाजली. परीक्षकांपैकी एक बाई हळहळून म्हणाल्या, "दोघीही फार छान. पण नियम आहे, बाळांनो." संघ बाद.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी माझं मन भरून वगैरे आलं नाही. मला वैष्णवीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. हाताशी आलेली ढाल, माझं शेवटचं वर्ष, पुसून ठेवलेलं कपाट. मी व्हरांड्यात जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. ढाल परळीकडच्या एका शाळेनं नेली. त्यांच्या पोरांची भाषणं त्यांच्या सरांनीच लिहिलेली होती, हे मला पहिल्या वाक्याला कळलं होतं. त्या ढालीचं मला आजही वाईट वाटतं.

परतीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं तिकीट झाल्यापासून बायका एसटीला मोकळा श्वास घेऊ देत नाहीत, त्यांच्यात मीही आलेच. तिघींच्या सीटवर मी मधे, एक खिडकीला, एक कडेला. केज मागं पडलं. धारूरच्या अलीकडे कडेची प्रतीक्षा समोरच्या सीटकडे बघतच म्हणाली, "ढाल घालवली."

खिडकीकडून वैष्णवीचं उत्तर आलं, "ते वाक्य तू म्हणतच नव्हतीस. आज कावून काढलंस?"

"माझं भाषण हाय. मी कायबी काढीन."

"लिव्हलं कुणी?"

"लिव्हलं तू. डबा कुणाच्या घरचा व्हता?"

"म्हणून तर लिव्हलं व्हतं ना! मग थांबलीस कावून?"

"मी इसरले न्हवते! आवाज फुटंना मला."

"मग मी दिला की आवाज!"

"तुला कुणी मागितला व्हता?"

"डबा तरी कुणी मागितला व्हता?"

बस घाटाला लागली आणि या दोघींचा आवाज इंजिनाच्या वर गेला. माझ्या नाकासमोरून हात नाचायला लागले. भाषण मागं पडलं आणि खरं भांडण निघालं. दिवाळीला तू आली न्हाईस. तू बोलावलं व्हतंस? आता बोलवायला लागतं व्हय तुला? तुझ्या बापूंच्या ओसरीवरची माणसं बघून आई म्हणाली नको जाऊ. मग मागच्या दारानं यायचं की, नेहमी कुठून यायचीस? मी हळूच उठले आणि पुढच्या दांडीला धरून उभी राहिले. मधली जागा लगेच भरली, दोघींच्या दप्तरांनी आणि हातवाऱ्यांनी.

कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "मॅडम, या पोरी तुमच्याच ना? सांगा जरा त्यांला, पाशिंजर कावले."

"भांडू द्या हो," मी म्हटलं. "लई दिवसांनी भांडायल्यात."

एव्हाना मला खिडकीबाहेरचं काही धड दिसत नव्हतं. घाटातलं धुकं नव्हतं ते, माझाच चष्मा ओला झाला होता.

आमच्या स्टँडवर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. बापू मोटारसायकल घेऊन चहाच्या टपरीपाशी उभे, प्रतीक्षाची आई पलीकडे मेडिकलच्या उजेडात. मधे सगळा स्टँड. पोरी भांडत-भांडतच खाली उतरल्या आणि तशाच मधोमध उभ्या राहिल्या.

बापूंनी हाक मारली, "काय वैष्णवे, केलं का समोरचीला गार?"

"गार कुठलं काका!" प्रतीक्षाच उसळून म्हणाली. "हिनं दोघींलाबी बाद केलं!"

'काका' ऐकून बापूंची मान खाली गेली. टपरीवरची माणसंही वळून बघायला लागली. प्रतीक्षाची आई पदर सावरत दोन पावलं पुढं आली. ती बापूंशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. वैष्णवीच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तोंड कसं सुकलंय पोरीचं. काही खाल्लंस का गं?"

वैष्णवीनं वडिलांकडे पाहिलं. बापू मोटारसायकलच्या हँडलवर बोट फिरवत होते. मला उगाचच माझ्या पिशवीचा बंद आवळावासा वाटला. मी तो आवळला, सोडला, परत आवळला.

"माझ्याकडं काय बघतीस?" बापू शेवटी मान वर न करता म्हणाले. "काकू काय विचारायल्यात, सांग की."

"न्हाई खाल्लं, काकू," वैष्णवी म्हणाली.

गाव त्या संध्याकाळी सुधारलं, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी बापूंच्या ओसरीवर तीच माणसं बसली होती, आणि वर्गातले डबे पुढं बरेच दिवस दोन घोळक्यांतच उघडत होते. फक्त एक बाक परत भरला.

मी स्टँडवर उभी असतानाच मुख्याध्यापकांचा निरोप मोबाईलवर आला, "ढाल आली का? फोटो टाका." मी वर पाहिलं. वैष्णवी मोटारसायकलवर बापूंच्या मागं बसली नव्हती. ती प्रतीक्षा आणि तिच्या आईबरोबर चालत निघाली होती, अजून हातवारे करत, आणि बापू गाडी बंद ठेवून ढकलत त्यांच्या मागून चालले होते. फोटो काढण्यासारखं पुष्कळ होतं. मी काढला नाही. तिथंच उभ्याउभ्या उत्तर लिहिलं.

"संघ बाद झाला. उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला."